मावल्याला तळ ठेवून तीन दिवस

हिवाळा लागला की नागपूर, यवतमाळ, नांदेड, अगदी पुण्याकडचेही पाहुणे आदिलाबादला यायचं म्हणतात. गाडी स्वतःची असते, सुट्टी तीन दिवसांची असते आणि फोनवर एक यादी तयार असते. कुंतला आणि पोचेरा धबधबे, निर्मलची खेळणी, बासरची सरस्वती, सहस्रकुंड, माहूरची रेणुका, टिपेश्वरचे वाघ, केसलापूरचा नागोबा, कोमरम भीमांचं जोडेघाट. नकाशावर ही नऊही ठिकाणं आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याभोवती एका तळहातात मावतात, त्यामुळे यादी वाजवी वाटते.

आता बेरीज करू. सगळी ठिकाणं जोडत फिरलं तर गाडी आठशे किलोमीटरच्या घरात चालते. महामार्ग, घाट आणि गावातले रस्ते मिळून ताशी चाळीसची सरासरी धरली तर हे वीस तास होतात. डिसेंबरात आदिलाबादला सूर्य पावणेसातच्या आत-बाहेर उगवतो आणि सहा वाजायच्या आधी मावळतो. म्हणजे दिवसाला अकरा तास उजेड, तीन दिवसांचे तेहेतीस. त्यातले वीस गाडीत गेले, उरले तेरा. या तेरा तासांत नऊ ठिकाणं, तीन जेवणं, दोन देवळांच्या रांगा, चारशे-पाचशे पायऱ्यांची चढउतार आणि वाघाची वाट बघणं. हे होत नाही. होतं ते इतकंच, की प्रत्येक ठिकाणी गाडी थांबते, फोटो निघतो आणि दार पुन्हा बंद होतं.

मार्ग आखताना हिशेब किलोमीटरचा नको, उजेडाच्या तासांचा हवा. त्यासाठी रस्त्यांची जात ओळखावी लागते, आणि ती इथल्या भूगोलातच दडलेली आहे. आदिलाबादच्या उत्तरेला पैनगंगा आहे. तीच इथली राज्यसीमा, आणि ती ओलांडायला पूल मोजकेच. दक्षिणेला निर्मलपर्यंत सातमाळ डोंगररांग आणि सागाचं जंगल. या दोन्हींना सरळ छेदून जातो तो श्रीनगर–कन्याकुमारी महामार्ग, आजचा ४४ क्रमांकाचा. जुनी माणसं त्याला अजून ‘सात नंबर’ म्हणतात, कारण पूर्वी तो वाराणसी–कन्याकुमारी असा राष्ट्रीय महामार्ग ७ होता. मावला याच महामार्गावर, आदिलाबाद शहराला लागून आहे. तलाव आणि रस्त्याकडेचं हरितवन ही त्याची खूण. २०१६ च्या ऑक्टोबरात जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, त्या फेररचनेत मावला स्वतंत्र मंडल झालं.

उत्तर-दक्षिण जायचं तर चौपदरी रस्ता आहे, तासाला सत्तर किलोमीटर सहज पडतात. पूर्व-पश्चिम वळलात की चित्र बदलतं. किनवट, माहूर, उटनूर, जोडेघाट यांपैकी कुठेही जा, दुपदरी रस्ता, मधे गावं, गतिरोधक आणि वळणं. तिथे ताशी चाळीस धरा, घाटात आणि जंगलात तीस. नोव्हेंबर ते जानेवारी कापसाचा हंगाम असतो. आदिलाबादच्या बाजार समितीकडे निघालेले ट्रॅक्टर आणि टेम्पो कापसाने इतके फुगलेले असतात की मागच्या गाडीला पुढचं काही दिसत नाही. त्यांच्यामागे घाई करू नका. तो शेतकरी वर्षाची कमाई घेऊन निघालेला असतो, आणि तुमची दहा मिनिटं वाचल्याने सहल सुधारत नाही.

फोनवरचा नकाशा रस्त्याची वेळ बऱ्यापैकी बरोबर सांगतो. चहा, लघुशंका, पेट्रोल, गाडी लावायला जागा शोधणं, आजीला पायऱ्यांवर दोनदा बसवणं हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून महामार्गावर नकाशाच्या वेळेत चौथाई मिळवावी, आडरस्त्याला निम्मी. मग प्रत्येक ठिकाणी किती वेळ थांबायचं ते आधी लिहून काढावं, आणि एकूण बेरीज उजेडाच्या अकरा तासांच्या पुढे गेली की एक ठिकाण खोडावं. खोडायचं काम घरी करायचं. रस्त्यात ते भांडणाचं कारण होतं.

दक्षिणेचा एक दिवस नीट उलगडून दाखवतो. सकाळी सातला मावला सोडा. गुडीहत्नूर, इच्चोडा मागे टाकत पंचेचाळीस किलोमीटरवर नेरडिगोंडा येतं. तिथून महामार्ग सोडून बारा किलोमीटर आत गेलं की कुंतला. कडेम नदी इथे दीडशे फुटांच्या आसपास कोसळते. सव्वाआठला पोचलात तर पायऱ्यांवर अजून सावली असते. उतरायला पंधरा मिनिटं लागतात, चढायला धडधाकट माणसाला वीस आणि गुडघे दुखणाऱ्याला पाऊण तास. खाली सोमेश्वराचं स्थान आहे, महाशिवरात्रीला तिथे गर्दी होते. पाणी शांत दिसलं तरी त्यात उतरू नका. खडक शेवाळलेले आहेत, डोह खोल आहेत आणि इथे माणसं बुडालेली आहेत. दहाला गाडीत बसलात तर पावणेअकराला पोचेरा. हा धबधबा बुटका पण रुंद आहे, पाणी टप्प्याटप्प्यांनी डोहात उतरतं, आणि फारशा पायऱ्या नसल्याने वयस्कर मंडळी इथे खरी रमतात. तिथे पुरा तास द्या.

बाराला निघून एकला निर्मल, मग जेवण. दुपारचे दोन तास फक्त खेळण्यांसाठी ठेवा. दुकानातून खोकं विकत घेऊन निघणाऱ्यांना निर्मल कळत नाही. ही खेळणी पोनिकी नावाच्या हलक्या, मऊ लाकडाची असतात. कारागीर हात, पाय, धड वेगवेगळं कोरतात, चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधे बुजवतात, घासून गुळगुळीत करतात आणि मग रंग देतात. हातात घेतलेला आंबा किंवा हरीण इतकं हलकं लागतं की लहान मूल ते पुन्हा पुन्हा उचलून बघतं. काम चालू असताना पाहायला मिळालं तर तासभर कसा गेला ते कळत नाही. चारला निघा, ऐंशी किलोमीटर, साडेपाचच्या आत मावला. दिवसभरात गाडी चालली दोनशे किलोमीटर. नकाशा त्याला चार तास म्हणेल. तुमचे साडेदहा गेले, आणि तरीही हा सैल दिवस आहे, कारण तो उजेडात संपला.

याच दिवसाला बासर जोडण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण निर्मलहून बासर सत्तर किलोमीटरच आहे. जाऊन-येऊन एकशेचाळीस, वर दर्शनाची रांग. म्हणजे मावल्याला परतायला रात्रीचे दहा. बासरला गोदावरीकाठी ज्ञानसरस्वतीसमोर मुलांचा अक्षराभ्यास करतात, पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतात. त्यासाठी निघालेल्या कुटुंबाने सकाळी तिथे असायला हवं, म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम बासरलाच हवा. नांदेडहून येणाऱ्यांना तर बासर येता-जाता धर्माबादमार्गे घेता येतं. मावल्याहून ते कशाला ओढून आणायचं?

दुसऱ्या दिवशी पश्चिम, आणि इथे सीमेचा इतिहास कामी येतो. किनवट आणि राजुरा हे तालुके निजामाच्या काळी आदिलाबाद जिल्ह्यातच होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात आले. किनवट नांदेडमध्ये राहिलं, राजुरा पुढे चंद्रपूरला जोडलं गेलं. म्हणून आदिलाबादच्या बाजारात मराठी आजही सहज चालते, आणि किनवटच्या घरांत आदिलाबादची सोयरीक निघते. पाहुण्यांना परराज्यात भाषेची अडचण येईल अशी काळजी असते. पाट्या तेलुगूत असतात हे खरं, पण मावला, जैनथ, बेला, तलमडुगू या पट्ट्यात मराठीत पत्ता विचारा, मराठीत उत्तर मिळेल. निर्मलच्या पुढे मात्र हिंदी धरा.

माहूरला दिवस पूर्ण द्यावा लागतो. किनवटमार्गे एका बाजूचं अंतर शंभराच्या थोडं वर आहे, आणि हा सगळा आडरस्ता, म्हणजे पावणेतीन तास. साडेतीन शक्तिपीठांतली ही रेणुका एका डोंगरावर, दत्तशिखर दुसऱ्यावर, अनसूयेचं देऊळ आणखी पुढे, किल्ला वेगळा. चार तासांत यातली तीन होतात, तीही नवरात्र आणि दत्तजयंती टाळली तर. सहस्रकुंडाचं कुतूहल अनेकांना असतं. पैनगंगा तिथे काळ्या कातळातून खाली झेपावते आणि नदीच्या एका काठाला यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या काठाला नांदेड. पण किनवटहून माहूर वायव्येला आणि सहस्रकुंड नैर्ऋत्येला, इस्लापूरकडे. दोन्ही एका दिवशी म्हणजे किनवटला दोनदा येणं. देवीला यायचं असेल तर माहूर. पावसाळा सरतीला आला असेल आणि देवदर्शन डोक्यात नसेल तर सहस्रकुंड, सोबत उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे. ते किनवट तालुक्यातच, पैनगंगेच्या बाजूला आहेत. दोन्हींतलं एक निवडा, मनापासून बघा.

तिसरा दिवस कुठे घालवायचा हे तुमच्या घरच्यांवर ठरेल. वाघ हवा असेल तर उत्तरेला टिपेश्वर. १४८ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य छोटं आहे, पण इथल्या एका तरुण वाघाने २०१९ साली विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाचा हा भाग पालथा घालत पाच महिन्यांत तेराशे किलोमीटर चाल केली आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्काम केला. त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे हे कळलं. आपण जे जिल्हे सहलीच्या यादीत मोजतो, ते त्याने ओढे, शेतं आणि महामार्ग ओलांडत पायी पार केले. पाटणबोरीजवळचं सुन्ना प्रवेशद्वार मावल्याहून तासाभराच्या आत येतं. सफारीचं आरक्षण आधी ऑनलाइन करावं लागतं, ओळखपत्र लागतं, आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते आणि पावसाळ्यात जंगल बंद. सकाळच्या फेरीला उजाडायच्या आत दारात हजर राहायचं, म्हणजे मावल्याहून पाचला निघायचं. नागपूरकडच्यांनी हा दिवस शेवटचा ठेवावा. सफारी आटोपली की गाडी सरळ घराकडे वळते, मागे फिरावं लागत नाही.

वाघापेक्षा माणसांची ओढ असेल, तर पूर्वेला वळा. माझं मत विचाराल तर या भागाचं खरं काळीज तिकडे आहे. गुडीहत्नूरहून इंद्रवेल्ली, तिथून आत केसलापूर. नागोबा हे गोंडांमधल्या मेस्राम कुळाचं दैवत. पौष अमावास्येला यात्रा भरते, त्याआधी कुळातली मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि त्याने पूजा करतात. आजचं दगडी मंदिर मेस्रामांनी आपसात वर्गणी करून उभारलं आहे. पुढे उटनूरमार्गे जैनूरजवळ मारलवाई हे गाव. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेंडॉर्फ १९४० च्या दशकात इथे राहिले, गोंडांच्या जमिनीच्या आणि शाळांच्या प्रश्नावर निजाम सरकारात काम केलं. त्यांच्या पत्नीचं स्मारक याच गावात आहे. गुस्साडी नृत्याला देशभर ओळख मिळवून देणारे, २०२१ चे पद्मश्री कनक राजूही मारलवाईचेच. त्याहून पुढे केरामेरीचा घाट चढून जोडेघाट, जिथे गोंड नेते कोमरम भीम १९४० साली निजामाच्या पोलिसांशी लढताना मारले गेले. जाऊन-येऊन दोनशेवर किलोमीटर, त्यातला बराचसा घाट आणि जंगल. सातला निघा आणि परतीला तीनच्या आत लागा. अंधार पडल्यावर त्या घाटात नवख्याने गाडी चालवू नये. दिवाळीच्या दिवसांत गेलात तर गावोगाव दंडारी चालू असते, मोरपिसांचे टोप घातलेले गुस्साडी नाचत येतात. तो त्यांच्या धर्माचा भाग आहे. आधी विचारा, मगच मोबाइल काढा.

आता येण्या-जाण्याच्या दिवसांबद्दल. नागपूर दोनशे किलोमीटर, यवतमाळ त्याहून जवळ, त्यामुळे ही मंडळी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचतात आणि संध्याकाळ मावल्याच्या तलावाकाठी किंवा जैनथच्या लक्ष्मीनारायणाच्या जुन्या देवळात घालवू शकतात. जैनथला परमार राजा जगद्देव याच्या काळाचा शिलालेखही आहे. पुण्याहून मात्र साडेसहाशेच्या आसपास किलोमीटर आहेत. त्यांच्यासाठी ही पाच दिवसांची सहल आहे. पहिला आणि शेवटचा दिवस रस्त्याचा, त्यात एकही ठिकाण धरायचं नाही, आणि वाटेत नांदेडला थांबलात तर आणखी बरं.

सीमा ओलांडताना खासगी गाडीला वेगळा परवाना लागत नाही. नोंदणी, विमा, पीयूसी आणि लायसन्स पुरे. भाड्याच्या पिवळ्या पाटीच्या गाडीला परराज्याचा कर भरावा लागू शकतो, त्याचं काय केलं हे मालकाला निघण्याआधी विचारा. त्याच टोलनाक्यावरून चोवीस तासांत परत आलात तर जाण्या-येण्याचा मिळून दीडपट टोल पडतो, फास्टॅगमध्ये ते आपोआप होतं. वर्षभर महामार्गांवर फिरणाऱ्यांनी १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला, तेव्हा तीन हजार रुपयांचा असलेला वार्षिक पासही बघावा, तो दोनशे फेऱ्यांना किंवा वर्षभर चालतो. पावसाळ्यात निघणार असाल तर पैनगंगेच्या पाण्याची बातमी आदल्या रात्री घ्या. मोठ्या पुरात पुलाजवळची वाहतूक थांबवावी लागते, आणि मग पर्यायी वाट म्हणजे शंभर किलोमीटरचा वळसा.

मुलांकडे परदेशी गेल्यावर भाड्याची गाडी घेऊन फिरणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. तिथेही गणित हेच, फक्त चूक महाग पडते. आइसलँडला वेढा घालणारा रिंग रोड १,३२२ किलोमीटरचा आहे. जूनमध्ये आठवडाभरात तो आरामात होतो, कारण रात्रच होत नाही. तोच डिसेंबरात आखला तर रेक्याविकला उजेड चार-पाच तासच असतो, आणि बर्फ वेगळं. स्वित्झर्लंडचे फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन हे उंच घाट हिवाळ्यात बंद असतात, पण नकाशावर रेषा बारा महिने दिसते. अमेरिकेतल्या यलोस्टोनचा मोठा फेरा १४२ मैलांचा. वेगमर्यादा ताशी ४५ मैल, आणि गवे रस्त्यात उभे राहिले की सगळ्या गाड्या थांबतात. एका दिवसात फेरा पुरा करणारे फक्त गाडीच्या काचेतून बघतात. आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना इथल्या आरटीओतून निघण्याआधी काढावा लागतो, तो वर्षभर चालतो. रात्रभराच्या विमानातून उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊन तीनशे किलोमीटर चालवू नका. शरीराचं घड्याळ अजून भारतातच असतं, आणि उजव्या बाजूने चालवायची सवय लागायची असते. शक्य तिथे एकाच गावी दोन-तीन रात्री राहा. रोज सामान बांधण्या-सोडण्यात रोजचे दोन तास जातात.

मावल्याला मुक्काम ठेवण्याचं कारणही हेच. चारही दिशांना दिवसाच्या फेऱ्या होतात, बॅगा एकदाच उघडतात, आणि एखादा दिवस पावसाने किंवा मुलाच्या तापाने गेला तर बाकीचे दोन जागेवर राहतात. धबधब्यांना पाणी जुलै अखेरपासून डिसेंबरपर्यंत भरपूर असतं, त्यानंतर कमी होत जातं. जानेवारीत थंडी इतकी की पहाटेचा पारा एक आकडी, धुकं दाट, त्यामुळे तेव्हा सातऐवजी आठला निघा. एप्रिल-मे टाळा, इथला उन्हाळा विदर्भासारखाच आहे.

तीन दिवसच हाताशी असतील तर माझी शिफारस अशी: एक दिवस कुंतला, पोचेरा आणि निर्मल, एक दिवस माहूर, आणि तिसरा दिवस केसलापूर किंवा टिपेश्वर. बासर, सहस्रकुंड आणि जोडेघाट पुढच्या खेपेला ठेवा.